कुठपर्यंत आलंय?

“पोटावरची ही आडवी रेघ कसली आहे?”

एवढंच विचारलं होतं. विचारणारा कोण, कुठला, काही पत्ता नाही. फोटोच्या जागी एक सुस्तावलेलं मांजर. मी एका साइटवर टाकलेल्या टी-शर्टच्या डिझाइनखाली त्यानं इंग्रजीत हा प्रश्न लिहिला होता आणि पुढं एक हसरा चेहरा चिकटवला होता, त्यामुळं खवचटपणाचा संशय घ्यायलाही जागा नव्हती. रात्रीचे साडेबारा वाजून गेले होते. खिडकीबाहेर नाशिकचा जुलैमधला तो पाऊस: पडतोय म्हणावं तर आवाज नाही, थांबला म्हणावं तर दोरीवरचं काही वाळत नाही. मी उत्तर लिहायला घेतलं. लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. शेवटी लॅपटॉप मिटून आडवी झाले, पण ती रेघ काही डोक्यातून हलेना.

चित्र साधं होतं. आपला दुतोंड्या मारुती. टी-शर्टच्या छातीवर त्याचं एक तोंड, पाठीवर दुसरं, आणि दोन्हीकडून कमरेच्या जरा वर एक सरळ, जाड, तपकिरी रेघ. रेघेच्या वर मारुती बारीक रेषांत मन लावून काढलेला. रेघेखाली काहीच नाही, नुसतं कापड. डोक्यात आलं तेव्हा ते मला इतकं उघड वाटलं होतं की हे आधी कुणाला कसं सुचलं नाही याचंच नवल करत बसले. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की बातम्यांत क्युसेकचे आकडे येतात, पण गावात कुणी क्युसेक विचारत नाही. मारुतीच्या कुठपर्यंत आलंय, हे विचारतात. गुडघा, कंबर, छाती, गळा. बाकीच्या गावांना पूर मोजायला पुलाच्या खांबावर रंगवलेले आकडे लागतात, आम्हाला रामकुंडाजवळ पात्रातच उभा असलेला एक देव पुरतो. आणि गोदावरीला आम्ही गंगा म्हणतो, ‘जरा गंगेवर जाऊन येते’ असं. त्यावरून बाहेरच्यांची गल्लत होते, ती एक होऊ द्यावी.

आता हे सगळं त्या मांजराला कसं सांगायचं?

टी-शर्टवरच्या चित्रांत जीव रमवणाऱ्यांना थ्रेडलेसचं नाव सांगायला नको. २००० साली जेक निकेल आणि जेकब डिहार्ट या दोघांनी शिकागोत सुरू केलेला तो उद्योग: चित्र कुणीही पाठवावं, गुण लोकांनी द्यावेत, पसंत पडेल ते छापून विकावं. त्याच वळणावर पुढं बऱ्याच जागा निघाल्या. मी जिथं पडीक असायचे ती त्यांतलीच एक, लहानशी. दिवसा ऑफिसात औषधांच्या खोक्यांची आर्टवर्क करायची, म्हणजे ‘मुलांपासून दूर ठेवा’ ही ओळ अर्धा मिलिमीटर वर घ्यायची की खाली, आणि रात्री तिथं जाऊन जगभरच्या लोकांची चित्रं बघायची. तिथल्या लोकांबद्दल तक्रार करायला माझ्याकडे काही नाही. प्रेमानं बघतात, प्रेमानं चुका काढतात. तुमचा हात चुकला तर अमुक ठिकाणी अंगठा उलटा आहे म्हणून लाल वर्तुळ काढून दाखवतात. इतकं बारकाईनं माझ्या चित्राकडे ना घरी कुणी बघितलं होतं ना कॉलेजात.

पण तिथं नुसतं चित्र टाकून भागत नाही, ते मांडावं लागतं. ही मांडणी मी सहा महिने शिकत होते. आधी मॉकअप: एक सडपातळ तरुण, गळ्याच्या वर कापलेला, भिंतीला टेकून उभा. त्याच्या कोऱ्या टी-शर्टवर आपलं चित्र असं बसवायचं की कापडाच्या घड्या चित्रातूनही दिसल्या पाहिजेत. मग उजव्या कोपऱ्यात एक चौकट, तिच्यात चित्राचा सगळ्यात देखणा तुकडा मोठा करून. खाली वापरलेल्या रंगांचे ठिपके. वर नाव, आणि नाव शक्यतो कोटी करणारं, कारण लोक आधी नावाला हसतात आणि हसता हसता गुण देऊन जातात. मी नाव दिलं होतं ‘टू-फेस्ड’. दोन तोंडांचा म्हणून. इंग्रजीत त्याचा अर्थ दुटप्पी, ढोंगी असा होतो हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण तेव्हा ते नजरेआडच झालं. दोघांतिघांनी विचारलं की हा माकडमुखी देव ढोंगी आहे का, आणि ढोंगी असेल तर बुडतोय ते चांगलंच नाही का. आपल्याकडेही दुतोंडी माणूस म्हणजे काय ते आपण जाणतोच. पण दुतोंड्या मारुती म्हणताना तो अर्थ मनाच्या आसपासही फिरकत नाही. नावाला नातं चिकटलं की शब्द कसा धुऊन निघतो बघा. आणि नातं काढून घेतलं की मागे पुन्हा शिवीच राहते.

शिवाय मुख्य फोटोत दिसायची फक्त छाती. पाठीवरचं तोंड दुसऱ्या, लहान फोटोत होतं आणि तिथंवर जायचे कष्ट फार थोड्यांनी घेतले. त्यामुळं बहुतेकांनी जे पाहिलं ते एवढंच: एक तोंडाचा मारुती, नाव दुतोंडी, आणि पोटावर एक रेघ. पाचपैकी सव्वादोन गुण पडले. खरं सांगायचं तर मीही त्यांच्या जागी असते तर दोनच दिले असते.

दुसऱ्या दिवशी मी मांजराला उत्तर दिलं. आमच्या गावातली नदी, पूर, मारुती, पाण्याची पातळी, सगळं चार ओळींत. तासाभरात त्याचं उलट उत्तर: “अच्छा! म्हणजे मापाच्या कपासारखं!” आणि परत तो हसरा चेहरा.

मापाच्या कपासारखं.

चूक काहीच नव्हतं त्याचं. असंच आहे ते. तरी मला दिवसभर कसंतरी होत राहिलं, एखाद्यानं आपल्या आजीला ‘वयस्कर महिला’ म्हणावं तसं. मग सूचना यायला लागल्या. पाणी आहे हे कळत नाही, लाटा दाखव. पाणी तपकिरी कसं असेल, निळं कर. एकानं लिहिलं, खाली मोकळी जागा वाया जातेय, मासे टाक. मी शहाण्या विद्यार्थिनीसारखी बसले आणि निळ्या लाटा काढल्या, मासे काढले, त्यांतल्या एका माशाला पोहायचा चष्मासुद्धा घातला. नाव बदललं. त्या दुसऱ्या आवृत्तीला सव्वातीन गुण मिळाले. माझं तिथलं सगळ्यात जास्त गुण मिळवणारं चित्र ते. छापायला निवडलं गेलं नाही ते सोडा, पण तेव्हापासून ते मी एकदाही उघडून पाहिलेलं नाही.

कारण पुराच्या गंगेला लाटा नसतात. जिनं पाहिलीय तिला विचारा. २०१९च्या ऑगस्टात सराफ बाजारात पाणी शिरलं होतं तेव्हा मी काकांच्या मागं मागं शक्य तितकी पुढं गेले होते. पाणी खळाळतच नव्हतं. उकळून उकळून दाट झालेल्या चहाच्या रंगाचं, चादर ताणून धरावी तसं सपाट, आणि प्रचंड वेगानं निघालेलं. त्यावरून पाणवेलींचे ढीग, नारळ, झेंडूच्या माळा, एक निळा प्लास्टिकचा ड्रम, सगळं अजिबात न हलता सरळ पुढं जात होतं, जणू कुणीतरी खालून चादरच ओढून घेतंय. आवाज पाण्याचा कमी आणि माणसांचा जास्त. ओल्या मातीचा, शेवाळाचा आणि कुठल्यातरी दुकानातून वाहून आलेल्या उदबत्त्यांचा मिळून एक वास. माझी रेघ सरळ आणि तपकिरी होती ती त्यामुळं. तिला लाटा काढल्या त्या दिवशी मी खोटं बोलले.

दिवाळीनंतर म्हटलं, छापून तर बघू. पहिलं चित्र, रेघवालं. बारा शर्ट, भावंडांसाठी आणि दोन-तीन मैत्रिणींसाठी. आईचं एक वेगळंच. “देव अंगावर घालून कुठं कुठं जाणार तुम्ही? आणि धुवायला कुठं टाकणार, पायमोज्यांबरोबर?” याचं उत्तर माझ्याकडे तेव्हाही नव्हतं, आताही नाही. मी आपली रविवार कारंजाच्या मागच्या बोळातल्या स्क्रीन प्रिंटिंगवाल्या काकांकडे गेले. जुनं दुकान, लग्नपत्रिका, पिशव्या, मंडळांचे टी-शर्ट. २०१५च्या सिंहस्थात स्वयंसेवकांचे शर्ट छापून छापून खांदा गेला असं ते अजून सांगतात. आत शिरल्याबरोबर थिनरचा वास नाकात जातो आणि थोड्या वेळानं तो वास येतोय हेही विसरायला होतं. भिंतीवर स्क्रीनच्या चौकटी टांगलेल्या, प्रत्येक चौकटीच्या जाळीत कुणाचा तरी गणपती, कुणाचं तरी ‘चि. सौ. कां.’ अडकलेलं.

त्यांनी चित्राकडे पाहिलंसुद्धा नाही. आधी विचारलं, “कलर किती?”

“दोन.”

“कापड?”

“काळं.” मॉकअपवर काळं फार सुंदर दिसायचं.

“मग तीन. काळ्यावर आधी पांढरा बेस मारावा लागतो, नाहीतर रंग कापड पिऊन टाकतं. पांढरं घे. एक स्क्रीन वाचेल.” आणि मग, बहुतेक माझं तोंड बघून, “उन्हाळ्यात काळं कोण घालतंय नाशकात?”

बारा शर्टांसाठी तिसऱ्या स्क्रीनचा खर्च खरंच जड गेला असता. सहा महिने मी ज्या काळ्या पार्श्वभूमीवर जीव टाकला होता ती एका वाक्यात गेली. मग त्यांनी चित्राची पारदर्शक फिल्म ट्यूबलाइटवर धरली आणि मारुतीच्या गदेवरच्या बारीक नक्षीवर नख टेकवलं. “ही धरणार नाही. बुजेल.” ती नक्षी मी चारशे टक्के मोठं करून, श्वास रोखून काढली होती, कोपऱ्यातल्या त्या चौकटीत तीच तर दाखवली होती. कागदाला बारीक जाळी चालते, कापडाला जाड जाळी लागते, शाई जास्त उतरते आणि दोन रेघांमधली केसाएवढी फट भरून जाते. मी तिथल्या स्टुलावर बसून लॅपटॉपवर नक्षी जाड केली. परत केली. तिसऱ्यांदा काका म्हणाले, “हां, आता मारुती वाटतोय. आधी देवघरातलं चांदीचं काहीतरी वाटत होतं.”

पुढचं मी कितीही वेळ बघू शकते. अंधाऱ्या खोलीत जाळीवर इमल्शनचा पातळ हात फिरवायचा, वाळवायचं, त्याला फिल्म लावून खालून उजेड द्यायचा. जिथं उजेड लागला तिथं ते कडक होतं. जिथं माझी काळी रेषा आडवी आली तिथं ते कच्चं राहतं. मग मोरीत चौकट उभी करून नळीनं पाणी मारायचं. पहिला मिनिटभर काहीच होत नाही, नुसती हिरवट जाळी. आणि मग कच्चं इमल्शन सुटायला लागतं. आधी एक डोळा, मग गदेचा गोळा, मग मुकुट. पाणी वरून खाली जात होतं आणि मारुती त्यातून बाहेर येत होता.

रेघेसाठी वेगळी स्क्रीन. ती बसवताना काकांनी कोरा शर्ट लाकडी पाटावर चढवला, गळ्यापासून चार बोटं मोजून मारुतीची जागा धरली आणि थांबले. “पाणी कुठं घ्यायचं?”

मी लॅपटॉपवरची मापं सांगायला लागले, सेंटिमीटरमध्ये. त्यांनी ऐकलंच नाही. आपला उजवा तळवा स्वतःच्या पोटावर आडवा ठेवला. “इथं?” मग जरा वर, छातीशी. “का इथं? इथं घेतलं तर सराफ बाजार गेला समज.” मग आणखी वर, गळ्याला. “एकोणसत्तरला तर...” असं म्हणून त्यांनी हात, शाई ओढायच्या स्क्वीजीसकट, डोक्याच्या वर नेला आणि क्षणभर तिथंच ठेवला. १९६९चा तो पूर त्यांनी शाळेत असताना पाहिलेला. स्क्वीजीच्या कडेवरून तपकिरी शाईचा एक थेंब निघाला आणि सावकाश मनगटापर्यंत आला.

रेघ कसली आहे, हे त्यांनी विचारलं नव्हतं. मीही सांगितलं नव्हतं.

आमचे आजोबा असेच दाखवायचे. हात आडवा, तळवा खाली, आपल्याच अंगावर. बाजारातून आलेला शेजारी, दूधवाला, रिक्षावाला, सगळे. बाहेरून कुणी आलं की ‘कुठपर्यंत?’ आणि उत्तराला शब्द कमीच, हात पोटावर. इतकी वर्षं मी ते पाहत आले आणि शर्टवर रेघ मारायचं मला आपसूक सुचलं असं समजत होते.

एक भांडण मात्र झालं. मला रेघ शर्टाभोवती सलग हवी होती, छातीवरून काखेखालून पाठीवर. शर्ट तिरुपूरचे, १८० जीएसएम वजनाच्या, गोल विणलेल्या कापडाचे, त्यांना बाजूला शिवणही नव्हती. म्हटलं, मग काय अडचण? काका म्हणाले, पाट सपाट आहे, माणूस गोल. पुढचं मारून शर्ट फिरवून मागचं मारलं की बाजूला दोन रेघा कधीच भेटत नाहीत, एखादी दोऱ्याएवढी वर जाते आणि तेवढंच डोळ्यात खुपतं. “दोन्हीकडं दोन बोटं मोकळी सोड,” म्हणाले, “गंगेला काठ नको का?” सोडली. मग प्रत्येक शर्ट गरम हवेखाली. प्लास्टिसोल शाई १६० अंशांच्या आसपास नीट शिजावी लागते, कच्ची राहिली तर दोन धुण्यांत पापडासारखी सुटते. बारावा शर्ट निघेपर्यंत माझ्या केसांना त्या गरम रबरासारख्या वासाचा थर बसला होता. तो मला आवडला.

गंमत घरी झाली. स्क्रीन एकच, त्यामुळं लहानमोठ्या सगळ्या शर्टांवर पाणी गळ्यापासून तेवढ्याच अंतरावर. माझ्या बारीक मैत्रिणीच्या ते बेंबीखाली आलं. मामेभाऊ अंगानं भरलेला. त्यानं चढवला तर पोटानं रेघ उचलून पार बरगड्यांपाशी नेली, वर मधोमध कमान. मामी म्हणाली, “याच्याकडं धरणाचे सगळेच दरवाजे उघडलेत.” तो आरशासमोर उभा राहून श्वास आत ओढायचा आणि सोडायचा, पूर ओसरायचा आणि चढायचा. मॉकअपमधल्या त्या गळा कापलेल्या पोरावर हे कधीच दिसलं नसतं.

तो शर्ट घालूनच तो रंगपंचमीला तिवंधा चौकातल्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, उतरला. मी वरच्या एका ओट्यावर, भिंतीला पाठ लावून. माणूसभर खोल पाण्याची मला भीती वाटते, मग ते रंगाचं का असेना. वर्षभर ज्या चौकातून आपण गाड्या नेतो त्याच्याच पोटात पेशवेकाळातला तो दगडी हौद असतो, हे दरवर्षी उघडला की मला नव्यानं खरं वाटतं. तिवंध्याचा रंग पिवळा, शनिचौकातला गुलाबी, दिल्ली दरवाज्याचा केशरी. पानाफुलांचा उकळलेला रंग, त्याचा उग्र, काढ्यासारखा वास. एकेक जण काठावरून धप्पा मारतो आणि ते पिवळं पाणी भिंतींवर, बघ्यांवर, पहिल्या मजल्याच्या गॅलरीपर्यंत उडतं. भाऊ उडी मारून वर आला तेव्हा अंगावरचं सगळं एकच झालं होतं. केस, भुवया, कान, शर्ट. शिजलेल्या शाईला तेवढा रंग धरला नव्हता. पिवळ्याधमक पोटावर काळा मारुती आणि ती रेघ. गर्दीतला एक अनोळखी पोरगा, दात सोडून सगळा पिवळा, त्याच्याकडे बघून थबकला, रेघेवर बोट ठेवलं आणि ओरडला, “अरे, पाणी बघ कुठं चढलंय भो!” त्याच्या मागचे चारपाच जण हसले. भावानं पाठ फिरवून त्यांना मागचं तोंड दाखवलं. आणखी हसले. मग कुणीतरी त्याला ढकललं आणि तो परत आत गेला.

मी वर उभी. त्या हसण्याला मी पाचपैकी किती द्यावेत याचा हिशेब करायला लागले आणि माझाच मला राग आला.

शर्ट पांढरा काही झाला नाही. आईनं दोनदा भिजत घातला, सोडा टाकला. देवाला पायमोज्यांबरोबर टाकू नका म्हणणारी तीच, पण शेवटी कंटाळून मशीनमध्ये सगळ्यांबरोबर टाकला. आता तो फिकट हळदीच्या रंगाचा आहे आणि भावानं पुण्याला नोकरी लागल्यावर बरोबर नेलाय. त्या साइटवर मी अजून जाते, चित्रं बघते, कुणाचा अंगठा उलटा असेल तर सांगते. रेघवालं चित्र तिथं आहे तसंच आहे, सव्वादोन गुणांसकट. मांजरानं परत काही विचारलं नाही.

गेल्या ऑगस्टात तीन दिवस लागून पाऊस झाला, धरणातून पाणी सोडलं. संध्याकाळी छत्री घेऊन गंगेवर गेले तर निम्मं गाव तिथंच. भाजलेल्या कणसांचा धूर, पोलिसांच्या शिट्ट्या, कठड्याशी एकमेकांच्या खांद्यावरून वाकून बघणारी माणसं. समोर मारुती, अर्धा. भोवती ते सपाट तपकिरी पाणी. तेवढ्यात फोन वाजला, पुण्याहून भाऊ. गर्दीच्या गलक्यात त्याला ओरडावं लागत होतं.

“ताई, कुठपर्यंत आलंय?”

छत्री मानेत धरली, फोन डाव्या हातात घेतला आणि उजवा हात पोटावर आडवा ठेवून म्हटलं, “इथपर्यंत.”

पलीकडे जरा वेळ काहीच नाही. मग तो म्हणाला, “तुझ्या का माझ्या?”